एकाच पिकअपची स्वस्त इलेक्ट्रिक गिटार घेताय? दुकानात जायच्या आधी हे वाचून घ्या

माझी पहिली इलेक्ट्रिक गिटार मी गोव्यातनं आणली. वापरलेली होती, नऊ हजाराला मिळाली, बॅग नव्हती म्हणून चादरीत गुंडाळून पाठीला बांधली आणि चोर्ला घाटातनं बाईकवर बेळगावला. तिला एकच पिकअप (तारांचा आवाज पकडणारा चुंबकाचा भाग) होता. मी तो विचार करून निवडलता असं काही नाही, नऊ हजारात तीच मिळत होती एवढंच. आता सात वर्षं झाली, दिवसा उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये काम, संध्याकाळी वाजवणं, गणपतीत ऑर्केस्ट्रा, कधी कॅम्पातल्या मित्राबरोबर चर्चमध्ये. आणि दर दोन महिन्याला कोणतरी पोरगा विचारतोच, "दादा, एकच पिकअप आहे, स्वस्तात मिळालीय, घेऊ काय?" प्रत्येकाला चहा पाजत तेच ते सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढतो.

मी काय संगीताचा मास्तर नाही. फसलोय, शिकलोय, तेवढंच सांगतो.

१. आधी शब्द नीट करून घ्या: सिंगल कॉइल वेगळं, सिंगल पिकअप वेगळं

निम्मी पोरं इथंच फसतात. दुकानात जाऊन "सिंगलवाली दाखवा" म्हटलं की समोरचा सिंगल कॉइलची गिटार काढतो, जिच्यावर तीन पिकअप असतात. सिंगल कॉइल म्हणजे पिकअपची जात, सिंगल पिकअप म्हणजे गिटारीवर पिकअप किती त्याचा आकडा. ऑनलाइन मागवताना तर फोटोच बघा, वर लिहिलेलं वाचत बसू नका.

पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची स्टीलची तार हलली की त्यात बारीक करंट तयार होतो, तो केबलमधनं अँपला (आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरच्या डब्याला) जातो. त्यात मुख्य तीन जाती तुम्हाला दिसतील. साधा सिंगल कॉइल, आवाज स्वच्छ पण गुणगुणतो. हंबकर, दोन कॉइल उलटे जोडलेले, त्यामुळं लाईटची गुणगुण मारली जाते, हे गिब्सन कंपनीत सेथ लव्हरनी १९५५ च्या सुमारास केलं. आणि पी-९०, हा १९४६ चा, दिसायला रुंद म्हणून लोक हंबकर समजतात पण आहे सिंगल कॉइलच, म्हणजे गुणगुणणारच. हे तिसरं लक्षात ठेवा, पुढं माझी फजिती याच्यावरच आहे.

अजून एक, चुंबकाला स्टील लागतं. मला सुरवातीला एकानं अकूस्टिकच्या ब्राँझच्या तारा बांधून दिल्या आणि मी आठवडाभर डोकं धरून बसलो की खालच्या जाड तारा ऐकूच का येत नाहीत. इलेक्ट्रिकला इलेक्ट्रिकच्याच तारा, निकेल किंवा स्टील.

२. स्वस्त का असते ते समजून घ्या

एक पिकअप म्हणजे गरिबाची गिटार ही समजूत अर्धी खरी आहे. फेंडरची एस्क्वायर १९५० ला आली ती एका पिकअपची. गिब्सननं १९५४ ला लेस पॉल ज्युनिअर काढली ती शिकणाऱ्यांसाठीच, सपाट लाकडाची फळी, वर एक पी-९०, दोन बटणं, संपलं. पुढं मोठमोठ्या रॉकवाल्यांनी तीच हातात घेतली, ग्रीन डे बँडचा बिली जो आर्मस्ट्राँग अजून वाजवतो. एडी व्हॅन हेलनची ती पट्ट्यापट्ट्यांची गिटार, तिचा सगळा आवाज ब्रिजजवळच्या (खालच्या बाजूला तारा जिथं टेकतात तो ब्रिज) एका हंबकरचा.

हिशोब सोपा आहे. दुसरा पिकअप नाही, पिकअप बदलायचा स्विच नाही, पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या बटणाखालचा भाग) कमी, लाकडात खड्डे कमी, आत वायर जोडायला वेळ कमी. कंपनी प्रामाणिक असली तर वाचलेला पैसा ब्रिजमध्ये, फ्रेटच्या (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) कामात, ट्यूनरमध्ये (तार पिळायच्या खुंट्या) जातो. त्याच किमतीत तीन पिकअप देणारा कुठंतरी काटणारच की. पण उलटं पण होतं, एक पिकअप काढून पैसे वाचवले आणि बाकीचं पण सगळं स्वस्तातलंच घातलं. म्हणून एक पिकअप आहे म्हणजे बाकी चांगलं असेल असं गृहीत धरू नका, तपासा. तपासायचं कसं ते खाली आहे.

ओळखीच्या नावांत बघायची झाली तर स्क्वायरच्या सॉनिक सिरीजमध्ये एका हंबकरची मॉडेल आहेत, एपिफोनची लेस पॉल ज्युनिअर एका पी-९० ची, क्रेमरची बरेटा एका हंबकरची.

३. तुम्ही वाजवणार काय ते आधी ठरवा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि हीच सगळे उडी मारून जातात.

एका पिकअपच्या जवळजवळ सगळ्या गिटारींना तो पिकअप ब्रिजजवळ असतो. लहानपणी दोरीवरच्या उड्या मारल्यात ना? दोरी मधे केवढी मोठी फिरते, हातापाशी जरा जराच. तारेचं पण तेच. ब्रिजपाशी ती कमी हलते, मूळ सुराचा भरीवपणा कमी आणि वरचे बारीक सूर जास्त पकडले जातात, म्हणून आवाज टोकदार, कडक येतो. मानेकडचा पिकअप असतो तो गोल, मऊ, जरा बासरीसारखा. तो तुमच्याकडं नसणार.

रॉक, मेटल, पंक, डिस्टॉर्शन (फाटका आवाज) लावून पॉवर कॉर्ड, रिफ, हे वाजवणार असाल तर डोळे झाकून घ्या, काही अडत नाही. स्विच नाही म्हणून चुकून भलत्या पिकअपवर जायची भीती पण नाही, हात डोकं दोन्ही वाजवण्यात राहतं. नव्या माणसाला हा मोठा फायदा आहे, मी अशी पोरं बघितलीत जी पाच पोझिशनचा स्विच खटखट करत अर्धा तास घालवतात आणि बार कॉर्ड (एका बोटानं सगळ्या तारा दाबून वाजवायचा) अजून लागत नाही.

पण जुनी हिंदी-मराठी गाणी, क्लीन आवाजात एकेक तार सोडत वाजवायचं, जॅझसारखं काही, चर्चमध्ये गाण्याच्या मागं हळू भरायचं, तर ब्रिजचा एकटा पिकअप लवकर कानाला टोचायला लागतो. जमवता येतं, कसं ते सातव्या पायरीत सांगतो, पण जमवावं लागतं. असं वाजवणाऱ्याला मी सरळ सांगतो, दोन-तीन हजार वाढवून दोन पिकअपची बघ.

आता ती फजिती. माझी गोव्याची गिटार पी-९० ची. पहिला गणपतीचा कार्यक्रम, मंडपाला वरपासून खालपर्यंत लाईटच्या माळा, मागं डिमर, शेजारी जनरेटर. मी केबल लावली आणि स्पीकरमधनं जे "घ्ँऽऽऽ" सुरू झालं की पुढच्या रांगेतल्या एक काकू कानावर पदर धरून बसल्या. गिटार डावीकडं वळवली की कमी, उजवीकडं वळवली की जास्त, मग मी अख्खा कार्यक्रम गायकाकडं पाठ करून, नैऋत्येला तोंड करून वाजवला. दोन पी-९० असलेल्या गिटारीत दुसरा कॉइल बहुतेक उलटा गुंडाळलेला असतो, दोन्ही एकत्र लावले की गुणगुण मरते. एकट्या पी-९० ला ती सोय नाही. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून मंडपात, लग्नात, लाईटच्या गर्दीत वाजवणार असाल तर एकच पिकअप घेताना तो हंबकरच घ्या. घरी वाजवायला पी-९० गोड आहे, माझा तरी जीव त्याच्यावरच आहे.

४. दुकानात जाताना काय न्यायचं

- मोबाईलमध्ये सूर दाखवणारं ट्यूनर अ‍ॅप
- अर्धा मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी
- फिलर गेज, म्हणजे बारीक फट मोजायची पाती (उद्यमबागेत कोणीतरी ओळखीचं असतंच, नसेल तर ऑटो स्पेअर्सच्या दुकानात मिळतं)
- स्वतःची चालू असलेली गिटार केबल, दुकानातली कधी खराब असते आणि दोष गिटारीवर येतो
- मोबाईलचा टॉर्च
- जमलं तर वाजवता येणारा मित्र, आणि तुम्ही वाजवा, त्यानं फक्त ऐकावं

फिलर गेज बघून दुकानदार जरा वाकड्या नजरेनं बघतो. बघू दे. मला एकानं विचारलं, "गिटार घेतोयस का इंजिन खोलतोयस गा?"

५. तपासायचा क्रम

अँप लावायच्या आधीच निम्मं काम होतं. गिटार डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरून मानेच्या कडेनं बघा, मान पिळलेली दिसली तर खाली ठेवा आणि पुढची मागा, पिळलेली मान ट्रस रॉडनं (मानेच्या आतली लोखंडी सळई) सरळ होत नाही. मग पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर जाड तार दाबून ठेवा, सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेटच्या मधे जरासा उजेड दिसला पाहिजे, ०.२ ते ०.३ मिलिमीटर, म्हणजे ०.२५ चं पातं अलगद शिरलं की बरोबर. जास्त असेल तर ट्रस रॉड फिरवून बघायला सांगा. रॉड फिरतच नाही असं झालं तर ती गिटार नको.

बाराव्या फ्रेटवर तारेची उंची पट्टीनं मोजा. दीड ते दोन मिलिमीटर हाताला बरं. अडीचच्या वर असेल आणि ब्रिज आधीच तळाला टेकलेला असेल तर पुढं खाली करायला जागाच नाही.

मानेच्या कडेवरनं बोट फिरवा. फ्रेटची टोकं करवतीसारखी लागतात काय बघा. आपल्याकडं हे जास्त होतं, कारण जुलैत हवा ओली गच्च, खानापूरकडं तर विचारू नका, आणि जानेवारी ते एप्रिल कोरडी खट्ट. लाकूड सुकून आकसलं की फ्रेट बाहेर येतात. पावसाळ्यात घेतलेली गिटार मार्चमध्ये बोट कापते, हे माझ्याबरोबर झालंय.

प्रत्येक तार, प्रत्येक फ्रेट, एकेक सूर वाजवा. होय, सगळे. कुठं तार खरखरते, कुठं सूर मरतो ते असंच कळतं. दहा मिनिटं जातात, लाजू नका.

मग अँप. आवाज कमी ठेवून:

व्हॉल्यूमचं बटण शून्य ते दहा हळू फिरवा, चर्र चर्र आवाज आला तर पॉट घाण झालाय किंवा गेलाय. एका पिकअपच्या गिटारीत एक-दोनच बटणं, म्हणून ती नीट पाहिजेतच. केबल जॅकमध्ये हलवून बघा. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली पाहिजे, उलट वाढली तर आत अर्थिंगच्या वायरची गडबड आहे. आणि बाराव्या फ्रेटवर तार दाबून वाजवलेला सूर आणि त्याच जागी नुसतं बोट टेकवून काढलेला हार्मोनिक, दोन्ही ट्यूनरवर एकच आले पाहिजेत. ज्युनिअर पद्धतीच्या गिटारींना एकाच पट्टीचा ब्रिज असतो, त्यात प्रत्येक तारेची लांबी वेगवेगळी हलवता येत नाही, फक्त दोन टोकांचे स्क्रू. म्हणून असल्या गिटारीत हे दुकानातच बघून घ्या, घरी नेऊन दुरुस्त होईल म्हणू नका.

शेवटचं, दुकानदाराला विचारून पिकगार्डचा (पुढची प्लॅस्टिकची पट्टी) एखादा स्क्रू काढून किंवा मागचं झाकण काढून टॉर्च मारा. पुढं कधी मानेकडं दुसरा पिकअप बसवायचा झाला तर खड्डा आधीच कोरलेला आहे काय ते कळतं. माझ्या गिटारीत नव्हता.

६. घ्यायची कुठनं, आणि कागद कोणते

बेळगावात दुकानं आहेत पण एका पिकअपची मॉडेल सहसा मांडून ठेवलेली नसतात, मागवून देतात. मागवून देतो म्हणाले की ॲडव्हान्स देताना पावतीवर मॉडेलचं पूर्ण नाव, रंग आणि "पसंत न पडल्यास परत" हे लिहून घ्या. मी एकदा तोंडी बोलण्यावर तीन हजार दिले, दीड महिन्यानं वेगळीच गिटार आली आणि "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी" (जरा सांभाळून घ्या) म्हणून दुकानदार हसला. दुकानाचं नाव लिहीत नाही, भेटलो की अजून हसतो तो.

कोल्हापूर, हुबळी दोन्ही साधारण सारख्याच अंतरावर, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. वापरलेली पाहिजे असेल तर गोवा, तिथं बँड जास्त, म्हणून विकणारे पण जास्त. फक्त समुद्राकडची गिटार असली तर ब्रिजचे स्क्रू, पिकअपचे पोल (तारांखालचे लोखंडी ठिपके), जॅक, सगळीकडं गंज बघा.

नवी घेताना जीएसटीचं बिल घ्या, त्यावर सीरियल नंबर घाला म्हणावं, वॉरंटी कार्डावर शिक्का आणि तारीख. ऑनलाइन असेल तर खोका फोडताना सलग व्हिडिओ करा, मधे कट नको. परदेशातनं मागवणार असाल तर कुरिअरवाला केवायसीचे कागद मागतो आणि वर कस्टम ड्युटी बसते, तिकडची किंमत बघून हुरळून जाऊ नका. वापरलेली घेताना जुन्या बिलाचा फोटो, नसेल तर साध्या कागदावर विकणाऱ्याची सही, तारीख, सीरियल नंबर. चोरीची निघाली तर तोच कागद कामाला येतो.

आणि पैसे सगळे गिटारीवर घालवू नका. छोटा अँप, केबल, तारांचे दोन सेट, पट्टा, सेटअप (मान, तारांची उंची, सूर नीट लावून घेणं), याला बाजूला काढून ठेवा. अँपच्या पिनचं सांगतो, तीन पिनमधली जाडी पिन कापून दोन पिनच्या सॉकेटात घालायचा शहाणपणा करू नका. जुन्या घरात सॉकेटला अर्थिंगच नसतं, तारांना हात लावला की झिणझिण्या येतात, तसं झालं तर लगेच बंद करून वायरमनला बोलवा. ओल्या फरशीवर अनवाणी तर अजिबात नको.

७. एका पिकअपमधनं दोन आवाज काढायचे

बहुतेक जण दोन्ही बटणं दहावर ठेवून वाजवतात आणि म्हणतात आवाज टोचतो. टोचणारच.

हे करून बघा. अँप जरा तापट ठेवा, म्हणजे जोरात वाजवलं की फाटेल इतपत. गिटारीचं व्हॉल्यूम दहावर, हा तुमचा सोलोचा आवाज. आता उजव्या हाताची करंगळी व्हॉल्यूमच्या बटणाला लावा आणि वाजवता वाजवता सहापर्यंत आणा, फाटणं जातं, आवाज स्वच्छ होतो. टोन चार-पाचवर आणा, टोक मोडतं. आणि मुख्य म्हणजे उजवा हात ब्रिजपासून उचलून मान जिथं संपते तिथं न्या, तिथं पिक मारा. तीन गोष्टी एकत्र केल्या की अगदी मानेकडच्या पिकअपसारखं नाही, पण त्याच्या सख्ख्या भावासारखं येतं. मी बटणाच्या कडेला पांढऱ्या नेलपॉलिशचे दोन ठिपके मारलेत, एक सहाला एक चारला, बायकोचं नेलपॉलिश, स्टेजवर अंधारात पण दिसतात.

व्हॉल्यूम कमी केलं की आवाज मातकट होत असेल तर पॉटवर एक बारीक कपॅसिटर आणि रेझिस्टर जोडतात, ट्रेबल ब्लीड म्हणतात त्याला, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात चाळीस-पन्नास रुपयात सामान मिळतं.

पिकअपची उंची पण बघा. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पिकअप आणि तारेत साधारण दोन-अडीच मिलिमीटर ठेवून सुरवात करा, जाड तारेकडं जरा जास्त, बारीककडं जरा कमी. फार जवळ आणला की चुंबक तारेला ओढतो, सूर डुलायला लागतो. कानानं ठरवा.

ऑर्केस्ट्रात साउंडवाला केबल सरळ मिक्सरला घालायला बघतो. घालू देऊ नका, आवाज पातळ आणि मेल्यासारखा येतो. डीआय बॉक्स (गिटार मिक्सरला जुळवून देणारा छोटा डबा) मागा, नाहीतर स्वतःचा अँप पुढं ठेवून माईक लावायला सांगा.

८. सुधारणा करायच्या तर क्रमानं

पोरं पहिल्या महिन्यात नवा पिकअप मागवतात. थांबा. आधी चांगल्या तारा आणि सेटअप, मग नट, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी (प्लॅस्टिकचा असेल आणि तार अडकून सूर हलत असेल तर), मग पॉट आणि जॅक, मग ट्यूनर. पिकअप शेवटी. एक पिकअप असल्याचा फायदा इथं मिळतो, बदलायचा झाला तर एकच विकत घ्यायचा, जोडायला बहुधा दोनच वायर, एक गरम (सिग्नलची) एक अर्थ, साधा २५ वॅटचा सोल्डरिंग आयर्न पुरतो. हंबकरला ५०० केचा पॉट, फेंडरसारख्या सिंगल कॉइलला २५० केचा, उलटं केलं तर आवाज एकतर दबतो नाहीतर किंचाळतो. काढायच्या आधी जुन्या जोडणीचा फोटो घ्या, मी घेतला नव्हता.

आणि तो एकच पिकअप गेला तर गिटार मुकी, हे पण लक्षात असू दे. स्टेजवर जाताना माझ्या बॅगेत एक जादा केबल, छोटा स्क्रू ड्रायव्हर आणि पावसाळ्यात सिलिका जेलच्या चार पुड्या असतात. पुड्या फुकटच्या, उद्यमबागेत बेअरिंगच्या खोक्यातनं येतात.

फ्रेटच्या कामाला एकदा मी मिरजेला पण गेलतो, म्हटलं सतारीवाले आहेत, त्यांना काय अवघड. म्हाताऱ्या कारागिरानं गिटार उलटीसुलटी करून बघितली, हसले आणि म्हणाले, "आमचे पडदे दोऱ्यानं बांधलेले, सरकवता येतात, तुझे ठोकलेत बाबा." पण जाता जाता त्यांनी फ्रेटची टोकं बारीक कानशीनं घासून दिली, पैसे घेतले नाहीत. त्या मार्चनंतर बोट कापलेलं नाही.